चिंध्यांचं वजन: डिझाइनमधल्या पीएचडीचा माझा अनुभव

पीएचडीसाठी अर्ज केला तेव्हा माझा विषय होता ‘वस्त्रोद्योगातील शाश्वत डिझाइन’. एवढ्या ऐसपैस विषयावर प्रबंध होत नाही, हे गाईडनी पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि कामाला लावलं: यातून वजनकाट्यावर ठेवता येईल असं काहीतरी शोधून आणा. मला सापडल्या चिंध्या. कपडे बेतताना कटिंग टेबलवर साधारण १५ टक्के कापड वाया जातं, असं या क्षेत्रात धरून चालतात. मुंढ्याची गोलाई, गळ्याचा अर्धचंद्र, बाहीचा माथा. या वळणांच्या मधे दुसरं काही बसत नाही, म्हणून ते उरतं.

यावर ‘झीरो वेस्ट पॅटर्न’ हा इलाज आधीपासून आहे. सगळे भाग एकमेकांत असे गुंतवायचे की मधे जागाच राहू नये. किमोनोत हे शतकानुशतकं चालत आलंय. अरुंद पट्ट्याचे सरळ तुकडे करायचे, उरायला फारसं काही नाहीच. फॅशन डिझायनर आणि संशोधक टिमो रिसानेन यांनी सिडनीत याच विषयावर पीएचडी केली, २०१३ मध्ये. म्हणजे ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न माझ्यासाठी शिल्लक नव्हता.

वाचनाच्या काळातली एकच गोष्ट सांगते. ‘वस्तूच्या पर्यावरणीय परिणामांपैकी ८० टक्के डिझाइनच्या टप्प्यावरच ठरतात’ हे वाक्य या विषयावर वाचणाऱ्याला सतत भेटतं. माझ्या मसुद्यातही होतं. गाईडनी समासात लिहिलं, ‘कोणी मोजलं?’ मी संदर्भ उघडत गेले. एकाचा हवाला दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. मोजणी काही हाती लागली नाही. वाक्य काढलं. प्रस्तावना जरा फिकी पडली, पण त्यानंतर कुठलीही टक्केवारी दिसली की ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न आपोआप यायला लागला.

तोच प्रश्न संशोधन समितीत माझ्यावर आला. मी नमुन्याचे कपडे मांडून बसले होते आणि एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, “या शर्टाला कापड किती लागलं?” समजा, नेहमीच्या बेतण्यात एका शर्टाला २ मीटर लागतं आणि त्यातलं १५ टक्के जातं. झीरो वेस्ट शर्टाला २.२ मीटर लागतं आणि काहीच जात नाही. दुसऱ्याचा कचरा शून्य, पण शेतापासून रंगाईपर्यंतचा सगळा भार २० सेंटिमीटर कापडाने जास्त. उरलेलं कापड घेरात, चुण्यांत, दुहेरी खिशात लपवलं, की टेबल स्वच्छ दिसतं. कचऱ्याच्या उतरंडीत, म्हणजे त्यावरच्या उपायांच्या पसंतीक्रमात, तो मुळात निर्माणच न करणं सगळ्यात वर असतं, आणि इथे तर आपण कचऱ्याला शिवून अंगावर घालतोय! प्रबंधाची दिशा त्या बैठकीत बदलली. मोजायचं ते प्रति कपडा एकूण कापड, चिंध्या त्याचा फक्त एक भाग.

मग प्रत्यक्ष मोजणी. कारखान्यांत शिरकाव मिळणं हे या संशोधनातलं सगळ्यात चिवट काम. कापडाचा हिशेब म्हणजे भावाचा हिशेब, तो परक्याला कोण दाखवेल? शेवटी आकडे किलोत न देता गुणोत्तरात छापायचे, नाव कुठेही घ्यायचं नाही, अशा लेखी करारावर दारं उघडली. नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि कटिंग मास्तरांची संमतीपत्रं वेगळी.

मार्कर, म्हणजे भागांची कापडावरची मांडणी, किती कार्यक्षम आहे हे संगणक चटकन सांगतो. पण तो फक्त मार्करच्या चौकटीतलं सांगतो. थर लावताना दोन्ही टोकांना सोडलेलं कापड, ताग्यातला दोष टाळायला कापलेला पट्टा, ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा, हे त्या आकड्यात येत नाही. शिवाय ताग्यांची रुंदी थोडीफार कमीजास्त असते आणि मार्कर सगळ्यात अरुंद ताग्यावर बेततात. बाकीच्यांच्या कडेची पट्टी गेलीच. म्हणून मी क्षेत्रफळ सोडून वजन धरलं. ताग्याचं वजन, कापलेल्या भागांचं वजन, आणि बाकीचं कुठे गेलं त्याच्या वेगवेगळ्या पिशव्या. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला पटला नाही.

खरं शिकवलं ते मास्तरांनी. “ही शिवण एक बोट आत घेतली असती तर पुढचा भाग इथे बसला असता,” असं ते सहज म्हणायचे. शिवण हलवायचा अधिकार मात्र त्यांना नाही. पॅटर्न मंजूर झाल्यावरच तो त्यांच्या टेबलवर येतो. उभा धागा किती सरकला तर चालेल, उरेब, म्हणजे तिरका काप, कुठे हवाच आणि कुठे सवयीने लिहिलाय, शिवणीसाठी सोडलेली माया किती कमी करता येईल, हे सगळं डिझायनरच्या हातात, आणि दोघांची गाठ पडते ती फार उशिरा. प्रबंधाचा मधला भाग या उशिरावरच आहे. मी डिझायनर आणि मास्तर यांना पहिल्या रेखाटनालाच एकत्र बसवून तेच कपडे पुन्हा बेतून घेतले.

“यात संशोधन कुठे आहे, तुम्ही तर कपडे शिवले,” हे डिझाइनवाल्यांना ऐकावंच लागतं. ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये डिझाइनविषयीचं, डिझाइनमधून होणारं आणि डिझाइनसाठीचं संशोधन असे भेद मांडले, त्याचा आधार घेतला. पण समितीची खात्री पटली ती नोंदवहीमुळे: प्रत्येक बदल कोणी सुचवला, का, आणि काट्यावर काय फरक पडला. कोर्सवर्क, सहामाही अहवाल, फॉर्म यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी बोट ठेवलं ते मापांवर. कापडाची रुंदी ठरलेली, माप मात्र वाढतं. मधल्या मापाला चपखल बसलेली मांडणी मोठ्याला पुरत नाही आणि लहानाला सैल होते. मी दोन वाटा तपासल्या होत्या: फरक चुण्यांत सामावणे, किंवा दोन मापं एकाच मार्करमध्ये जोडीने बसवणे. दुसरीत कापड वाचतं, पण कुठल्या मापाचे किती नग हवेत ते ठरलेलं असेल तरच. पहिलीत लहान मापाच्या चिंध्या शून्य येत होत्या आणि गरजेपेक्षा सगळ्यात जास्त कापडही त्यालाच लागत होतं. हा मापनिहाय तक्ता मी परिशिष्टात दिला होता. तो निष्कर्षांच्या प्रकरणात पहिल्या पानावर आणा, एवढी एकच मोठी दुरुस्ती त्यांनी सांगितली, आणि ती करूनच प्रबंध जमा झाला.