गोष्ट कशाची आहे?

काल रात्री फोनवर ताईला सांगून टाकलं, कथा झाली म्हणून. तिने विचारलं, "कशाबद्दल आहे?" मी सुरू केलं : वडील गेल्यानंतर दोघे भाऊ घर रिकामं करायला येतात, थोरला कपाटं आवरायला घेतो, धाकटा... तिने मध्येच थांबवलं. "हे झालं काय घडतं ते. पण गोष्ट कशाची आहे?"

मला सांगता आलं नाही. तिने सहज विचारलं होतं, मग दुसरंच काही बोलायला लागली. तिचा आवाज दमलेला वाटला, तेही विचारायचं राहिलं.

सात महिने, चार खर्डे, अकरा पानं. जिच्यासोबत इतके दिवस काढले तिच्याविषयी एक वाक्य बोलता येऊ नये? रात्री झोप लागली नाही. इतर लिहिणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असतं आणि मी एकटीच अंधारात चाचपडते, असं वाटत राहिलं.

सकाळी कोऱ्या कागदावर लिहिलं, "ही गोष्ट ... आहे." मग जागा भरत बसले. मृत्यूची? वडील पहिल्या ओळीच्या आधीच गेलेत आणि कुणी रडतसुद्धा नाही. वाटणीची? त्यावर दोनच वाक्यं आहेत. भावांची? ते 'कोणाची'चं उत्तर झालं, 'कशाची'चं नव्हे. आठवणींची? हा शब्द तर कुठल्याही गोष्टीला चिकटतो. म्हणूनच खोडला.

काफ्काने 'द जजमेंट' ही कथा १९१२च्या सप्टेंबरात एका बैठकीत लिहिली, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत. अर्पण केली फेलिसला, जिच्याशी पुढे त्याचं लग्न ठरलं आणि मोडलं. आणि पुढच्या जूनमध्ये तिलाच पत्रातून विचारलं, तुला यात काही सरळ, सलग अर्थ सापडतो का, मला तर सापडत नाही. हे आठवलं आणि जरा धीर आला. फार वेळ टिकला नाही. त्याची ती एक रात्र होती. मी चार वेळा लिहून काढली आहे, माझ्या हातून काय जातंय ते मला कळायला हवं होतं.

दुपारी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. अर्थ शोधायचा नाही असं ठरवून, फक्त न बोलावता पुन्हापुन्हा काय येतंय तेवढं बघायचं. धाकटा माफी मागतो. उशीर झाला म्हणून, खोकं हातातून निसटलं म्हणून, दिवा चालू राहिला म्हणून. पाच वेळा. मोजलं तेव्हा हात थांबला, कारण ही योजना माझी नव्हती. एक 'माफ कर' पहिल्या खर्ड्यातली आहे, एक तर परवाची. आणि थोरला त्याला कुठेच दोष देत नाही. एकदाही नाही.

ताईनेही मला कधी काही म्हटलं नाही. त्या आठवड्याबद्दल. असो.

मग त्या रिकाम्या जागेत एक शब्द लिहिला आणि लगेच खोडला. चूक होता म्हणून नव्हे. तो तिथे राहिला असता तर मी कथेत शिरून सहावी माफी पेरली असती, धाकट्याला रडवलंही असतं आणि अकरा पानं त्या एका शब्दाचं उदाहरण होऊन बसली असती. पाच आहेत त्या पुरेत. एक वाक्य अजूनही सांगता येत नाही, पण कथेत बोट कुठे ठेवायचं ते कळलंय. आज एवढं चालेल मला.

शेवटचा परिच्छेद मात्र काढून टाकला. त्यात निघताना थोरला काहीतरी शहाणपणाचं बोलायचा. वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहिला होता तो, मला स्वतःला कळलेलं नसताना. आता धाकटा कुलूप हातात धरून दारात उभा आहे आणि थोरला खिशात किल्ली शोधतोय, तिथेच कथा संपते.

संध्याकाळी ताईला पाठवायला म्हणून फाइल उघडली. पहिली 'माफ कर' दुसऱ्याच पानावर आहे. तिला ती दिसेल.