आइस्क्रीमसाठी चॉकलेट सॉस: स्लॅब नको, कोको पावडरच घ्या

घरी चॉकलेट सॉस करायचा म्हटलं की जो तो एकच सांगतो, चॉकलेटचा स्लॅब आणा, डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात) वितळवा, दूध घाला, झालं. गरम ब्राऊनीवर तो छानच लागतो हो, पण आइस्क्रीमवर घातला की बघता बघता कडक होतो आणि टाळूला मेणचट थर चिकटून राहतो. माझं सगळं डोकं इथेच फिरलं. दूध वाढवलं तर सॉस फिका आणि पाणीदार, कमी ठेवलं तर वरचं कवच चमच्याने फोडत बसा.

मग स्लॅबचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. पुढे भलंमोठं ‘डार्क’, मागे साखर आणि हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट! दुकानदार तर ‘चॉकलेटच आहे ताई’ म्हणून छातीठोक सांगत होता, त्याचा राग अजून गेलेला नाही. असल्या स्लॅबला कंपाउंड म्हणतात, म्हणजे कोको बटर (कोकोच्या बियांतली मूळ फॅट) काढून त्याऐवजी दुसरी फॅट. पण महागातलं खरं चॉकलेट आणलं तरी आइस्क्रीमवर ते घट्ट होणारच, कारण कोको बटर वितळतं साधारण 34 अंशाला. कोको पावडरमधलं बरंचसं कोको बटर आधीच दाबून काढलेलं असतं, म्हणून तिचा सॉस थंडीतही वाहता राहतो.

एक वाटी साखर, अर्धी वाटी बिनसाखरेची कोको पावडर चाळून, चिमूटभर मीठ, सगळं कोरडंच मिसळा. एक वाटी गरम पाणी, पण आधी थोडंसंच घालून पेस्ट करा, एकदम ओतलं तर कोको वर तरंगतो आणि गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत. मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळत उकळा, बुडाला लागतो पटकन. पातळ वाटला तरी गॅस बंद करा, गार झाल्यावर आळतो. शेवटी चमचाभर बटर आणि व्हॅनिला.

दूध नाही, पाणीच, कारण साखर परत कणीदार होऊ नये म्हणून पाकात घालतो तसे दोन-तीन थेंब लिंबू उकळताना घालायचे असतात आणि दूध त्याने फाटेल.

काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढलात तर फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात टिकतो. आणि हो, चिमूटभर इन्स्टंट कॉफी नक्की घाला, कॉफीची चव येत नाही पण चॉकलेट एकदम गडद लागतं!