मात्सुमोतो: ‘कॉपी’ गिटारींचं माहेर

शिंजुकूहून ‘आझुसा’ एक्सप्रेस पकडली की अडीच-एक तासांत मात्सुमोतो येतं. आधी टोकियोची न संपणारी उपनगरं, मग बोगद्यांमागून बोगदे, मग यामानाशीतले द्राक्षांचे मळे आणि शेवटी चहूबाजूंनी डोंगर असलेलं सपाट खोरं. बहुतेक लोक इथे काळा किल्ला बघायला येतात. तो बघावाच, फार देखणा आहे. पण मी आलो होतो सत्तरच्या दशकातल्या जपानी गिटारींचा, म्हणजे नावाजलेल्या अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब ‘कॉपी’ गिटारींचा माग काढत.

माझ्याकडे आयबानेझ या जपानी ब्रँडची एक जुनी गिटार आहे. जहाजावरच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका गोवेकर काकांनी ती जपानच्या बंदरातून आणली होती, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. दिसायला हुबेहूब लेस पॉल, म्हणजे गिब्सन या अमेरिकन कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार. सिरीयल नंबर ‘ए ७६’ने सुरू होतो. १९७५च्या अखेरीपासून आयबानेझच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असत. म्हणजे ही जानेवारी १९७६ची. पण आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की या व्यापारी कंपनीचं. गिटारी बनत होत्या दुसरीकडे, मुख्यतः या खोऱ्यात.

त्याआधी टोकियोत ओचानोमिझूला गेलो होतो. स्टेशनातून उतरावं आणि उतारावर दोन्ही बाजूंना गिटारीच गिटारी. आपल्या धोबीतलावची वाद्यांची दुकानं एका ओळीत मैलभर मांडली तर जसं दिसेल तसं. एका दुकानात, जिना चढून वर, जुन्या आयबानेझ आणि ग्रेको (हाही जपानी ब्रँड) भिंतीवर टांगलेल्या होत्या. सत्तरच्या सुरुवातीची, स्क्रूने मान जोडलेली एक लेस पॉल कॉपी मी मागितली. दुकानदार-सानने तारा सैल केल्या, पिकअपचे (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाचे) स्क्रू काढले, पिकअप अलगद उचललं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. आत बघतो तर वरची फुगीर फळी प्लायवूडची, दाबून वाकवलेली आणि तिच्याखाली चक्क पोकळी! कडेला प्लायचे थर स्पष्ट मोजता येत होते. अस्सल लेस पॉलमध्ये तिथे मेपलचं भरीव लाकूड असतं. मग त्याने शेजारची काही वर्षांनंतरची ग्रेको काढली. मान चिकटवलेली, अंग भरीव, वजन हातात घेताक्षणी जाणवावं असं. या कारागिरांनी पाच-सहा वर्षांत केवढी मजल मारली, ते त्या दोन गिटारींनी मला दाखवलं.

एवढ्या वेगाने शिकणारे हे लोक कोण होते, याचं उत्तर मात्सुमोतोत फिरताना मिळतं. नाकामाची या जुन्या पेठेत काळ्या-पांढऱ्या भिंतींच्या वखारी आहेत, त्यांत लाकडी फर्निचरची दुकानं. हे गाव मुळात सुतारकामाचं. एका कपाटाचा खण मी ओढून पाहिला: कोपऱ्यातल्या सांध्यात नखही शिरेना. मात्सुमोकू ही इथली कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि सिंगरच्या शिवणयंत्रांची लाकडी कपाटं बनवू लागली. तोच हात पुढे गिटारींवर बसला. आरिया या जपानी ब्रँडच्या गिटारी त्यांच्याकडून तयार व्हायच्या, पुढे एपिफोन या अमेरिकन ब्रँडच्यासुद्धा. १९८७ला कारखाना बंद झाला. इथली दुसरी कंपनी फुजिगेन. युइचिरो योकोउची आणि युताका मिमुरा यांनी ती १९६०मध्ये काढली, सुरुवात क्लासिकल गिटारींपासून. आयबानेझ आणि ग्रेकोचं मोठं काम तिथलं. माझी गिटारही, नंबरावरून, तिथलीच. मॅक्सॉन या नावाने पिकअपं बनवणारी निश्शिन ओन्पा हीसुद्धा याच गावची. लाकूड, पिकअप आणि कारागीर असे सगळे एका खोऱ्यात! शिनिची सुझुकींनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची आपली पद्धत रुजवली तीही इथेच.

व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या दौऱ्यांनी जपानमध्ये साठच्या दशकात ‘एलेकी’चं, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं वेड पसरलं. ती लाट ओसरली तसे बरेच कारखाने बुडाले. जे टिकले त्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. तिकडे अमेरिकेत गिटारींची दुसरी मोठी कंपनी फेंडर १९६५लाच सीबीएस या प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेलेली, गिब्सनही पुढे नॉर्लिन या कंपनीकडे, आणि दर्जा घसरल्याची वाजवणाऱ्यांची ओरड. १९७१पर्यंत डॉलरला ३६० येन मिळायचे, त्यामुळे जपानी माल स्वस्त पडे. कॉपीच्या धंद्याला याहून चांगली जमीन कुठली?

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ऑनलाइन विक्रेते सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी गिटारीला ‘लॉसूट (खटल्यातली) गिटार’ म्हणतात आणि किंमत चढवतात. खटला झाला तो एकच. नॉर्लिनने २८ जून १९७७ला फिलाडेल्फियाच्या कोर्टात होशिनोच्या अमेरिकेतल्या एल्जर कंपनीवर तो भरला आणि वाद होता हेडस्टॉकचा, उघड्या पुस्तकासारख्या त्या माथ्याच्या आकाराचा. आयबानेझने तो आकार तोवर बदललाही होता. १९७८च्या सुरुवातीला प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. ग्रेको, आरिया, टोकाई या दुसऱ्या जपानी ब्रँडांचा त्या खटल्याशी संबंध नाही. घेणाऱ्याने सांधा बघावा, लाकूड बघावं, मान सरळ आहे का ते बघावं. या लेबलासाठी जादा पैसे मुळीच मोजू नयेत.

आणि पुढे काय झालं? १९८२मध्ये फेंडर स्वतःच जपानमध्ये आली. कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्यांसोबत फेंडर जपान उभी राहिली आणि गिटारी बनवायचं काम मिळालं फुजिगेनला. ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या सिरीयल नंबरांच्या त्या पहिल्या स्क्वायर (फेंडरचाच दुसरा ब्रँड) आज लोक शोधून शोधून घेतात. ज्यांच्या गिटारी बघून हे शिकले त्यांनीच यांना काम द्यावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

उद्या सकाळी ‘शिनानो’ गाडीने नागोया, तिथून हामामात्सू. टोकाई तिथली, १९४७ची. तिच्या १९७८च्या ‘लेस पॉल रीबॉर्न’पैकी एखादी हातात घ्यायला मिळाली तर पुढच्या भागात तिच्याबद्दल सविस्तर लिहीन.