आमची वाटचाल : जुन्या पेडल स्टील गिटारींची दुरुस्ती आणि निगा

अमेरिकेतील आमच्या छोट्या कार्यशाळेत दुरुस्तीसाठी एकच वाद्य येते, ते म्हणजे पेडल स्टील गिटार. त्यातही बहुतेक गिटारी 1950 ते 1980 या काळात घडवलेल्या असतात. मी पूर्वी एका कारखान्यात लेथ आणि मिलिंग मशीनवर काम करत असे, तर माझे भागीदार ॲम्प्लिफायर दुरुस्त करत. एका ज्येष्ठ वादकांनी आपल्या गिटारीचा तुटलेला भाग माझ्याकडे आणून दिला आणि तसाच दुसरा करून मागितला. तो बसवण्यासाठी गिटार उलटी ठेवल्यावर खालच्या बाजूला दिसलेली सळ्या, दांडे, तरफा आणि स्प्रिंगांची रचना पाहून, आपल्या दोघांच्याही हातातली कला जिथे एकत्र लागेल असे काम हेच आहे, याची खात्री पटली. पुढे त्याच वादकांनी आपल्या ओळखीतल्या इतरांची वाद्ये आमच्याकडे पाठवली आणि व्यवसाय उभा राहिला.

हे वाद्य आडवे, पायांवर उभे असते. वादक समोर बसून डाव्या हातातील जड पोलादी बार तारांवरून सरकवतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो, आणि त्याच वेळी पायांनी पेडल व गुडघ्यांनी लिव्हर दाबून ठरावीक तारांचा सूर चढवतो किंवा उतरवतो. ई नाइन्थ या सर्वाधिक प्रचलित जुळणीत पहिले पेडल बी या सुराच्या तारा सी शार्पपर्यंत नेते, दुसरे पेडल जी शार्पच्या तारा ए पर्यंत नेते, आणि दोन्ही एकत्र दाबली की बार जागेवरून न हलवता ई मेजर कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या समूहाचा) ए मेजर होतो. ऐकणाऱ्याला एक सूर दुसऱ्यात वितळल्यासारखा वाटतो. त्यामागे मात्र गिटारीच्या पोटात एक सळई मिलिमीटरभर सरकलेली असते, आणि ती दर वेळी तेवढीच सरकली पाहिजे व तेवढीच परत आली पाहिजे. आमचे सारे काम या ‘तेवढीच’भोवती फिरते.

सुरुवातीच्या काळात आम्हाला सर्वांत जड गेले ते हे, की जुन्या गिटारींचे सुटे भाग एकमेकींना चालत नाहीत. त्याचे कारण या वाद्याच्या इतिहासात आहे. पॉल बिग्सबी यांनी कॅलिफोर्नियात 1948 साली स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडल गिटार बनवली, तेव्हा ती एका वादकासाठी मुद्दाम घडवलेली वस्तू होती. 1954 साली गायक वेब पिअर्स यांचे ‘स्लोली’ हे गाणे गाजले. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वळवला होता, आणि त्यानंतर प्रत्येक स्टील वादकाला तशी गिटार हवीशी झाली. मागणी अचानक वाढली, पण यंत्रणा कशी असावी याबद्दल कारागिरांचे एकमत नव्हते. फेंडर कंपनीने पोलादी केबलने तारा ओढल्या. नॅशव्हिलमध्ये शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी सुरू केलेल्या शो-बडने सळ्यांची रचना घेतली आणि ती पुढे अनेकदा बदलली. एमन्स यांनी 1963 च्या सुमारास वेगळी कंपनी काढली आणि तिच्या गिटारींत ‘पुश-पुल’ ही निराळीच यंत्रणा आली. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, एकाच नावाच्या दोन गिटारी खालून पूर्णपणे वेगळ्या निघतात. यावर आम्ही काढलेला मार्ग कष्टाचा होता, पण आजही तोच बरोबर वाटतो : दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गिटारीचा प्रत्येक भाग सुटा करण्याआधी छायाचित्र घ्यायचे, मापे काढायची आणि रेखाटन करून ठेवायचे. आता त्या रेखाटनांनी कपाट भरले आहे आणि आमच्या धंद्याचे खरे भांडवल तेच आहे.

या वाद्यात सर्वाधिक लक्ष मागणारा भाग म्हणजे चेंजर. उजव्या टोकाला एका पोलादी ॲक्सलवर ॲल्युमिनियमची एकेक फिंगर बसवलेली असते आणि प्रत्येक तार तिच्या गोलाकार माथ्यावरून जाते. फिंगर फिरली की तारेचा ताण बदलतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तार त्या माथ्यावर बारीक चर पाडते. चर पडला की तार झणझणू लागते आणि नेमकी तिथेच तुटू लागते. जी शार्पची तिसरी तार तर जेमतेम 0.011 इंच जाडीची असते, त्यामुळे तक्रार बहुधा तिच्यापासून सुरू होते. वादक दर आठवड्याला तार बदलत राहतात आणि तारेच्या दर्जाला दोष देतात. आमच्याकडे आल्यावर भिंगाखाली त्यांना तो चर दाखवला, की मग प्रश्न समजतो.

चेंजर उघडताना आम्ही ॲक्सल एका बाजूने बाहेर काढत असतानाच तेवढ्याच जाडीची दुसरी दांडी मागोमाग आत सरकवतो, म्हणजे सगळ्या फिंगर आपल्या क्रमाने अडकून राहतात. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक फिंगर आपल्या जागी, आपल्या शेजारणीला घासत झिजलेली असते आणि अदलाबदल झाली तर काही अडखळतात, काही सैल पडतात. आत बहुतेक वेळा घट्ट तपकिरी चिकटा सापडतो. पूर्वी कोणीतरी चांगल्या हेतूने फवारलेले तेल धूळ पकडून बसलेले असते, आणि स्प्रिंगेला आता तार परत आणण्याआधी त्या चिकट्याशीच झगडावे लागते. हा थर नॅप्था या द्रावकाने धुऊन काढायचा, ॲक्सल चकचकीत करायचा, फिंगरच्या माथ्यावरचा चर बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने मूळ गोलाई न बिघडवता काढायचा, आणि जोडताना सुईच्या टोकाने हलक्या तेलाचा एकेक थेंब द्यायचा. त्याहून अधिक तेल घालणे म्हणजे पुढच्या चिकट्याची तयारी.

जोडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. तार एकदा चढवून सोडायची, एकदा उतरवून सोडायची, आणि दोन्ही वेळा ती त्याच सुरावर परतते का ते पाहायचे. परतत नसेल तर डाव्या टोकाला तारांना आधार देणाऱ्या रोलर नटमधील एखादा रोलर फिरत नसतो, किंवा परतीची स्प्रिंग मवाळ झालेली असते. स्प्रिंग बदलणे सोपे आहे. पण ती गरजेपेक्षा ताठ लावली तर गुडघ्याखालची लिव्हर जड होते आणि वादक तासाभरात थकतो. म्हणून हा समतोल मीटरवर पाहून ठरत नाही, गिटारीसमोर बसून वाजवूनच तो साधावा लागतो. पेडल दाबल्यावर लाकूड किंचित वाकते आणि ज्यांना हात लावलेला नाही अशा तारांचाही सूर थोडा उतरतो. काही जुन्या गिटारींत हा फरक कानाला जाणवतो. एंडप्लेटचे (टोकांच्या धातूच्या पाट्यांचे) स्क्रू ढिले असले तर ते आवळून हा फरक कमी करता येतो, पण उरलेला भाग त्या लाकडाच्या आणि रचनेच्या प्रकृतीचा असतो, आणि तो आम्ही पूर्ण नाहीसा करून देऊ असे आश्वासन कोणालाही देत नाही.

सत्तरच्या दशकातील काही गिटारींत खालचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. ते काळाने ठिसूळ होतात आणि जोर पडताच तडकतात. अशा बेलक्रँक (पेडलचा जोर सळईपर्यंत नेणाऱ्या तरफा) आम्ही त्याच मापाच्या, त्याच छिद्रांच्या, पण ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापून बनवतो. मूळ तुकडे मात्र फेकत नाही. कोणता भाग कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत घालतो आणि गिटारीबरोबर परत देतो. पुढे कधी कोणाला ती मूळ अवस्थेत न्यावीशी वाटली तर त्याचा मार्ग आम्ही बंद केलेला नसावा.

याच कारणासाठी काही कामे आम्ही नाकारतो. लॅकरला (लाकडावरच्या चकचकीत लेपाला) बारीक तडे गेले म्हणून ते खरवडून नवे रंगकाम करून द्या, असे सांगणारे ग्राहक आले तर आम्ही त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न करतो. ॲल्युमिनियमच्या एंडप्लेट बफिंगच्या चाकावर धरल्या की आरशासारख्या होतात खऱ्या, पण कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरे पुसट होतात. आमच्याकडे अशी एक गिटार आली होती, जिच्यावर आधीच्या दुरुस्तीत मूळ छिद्रांशेजारी नवी छिद्रे पाडली होती आणि सळ्या तिरक्या बसवल्या होत्या. बर्ड्स-आय मेपलच्या त्या सुंदर लाकडात मेपलच्याच खुंट्या बसवून छिद्रे बुजवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात दोन चेंजर साफ झाले असते. पिकअपच्या (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाच्या) बाबतीत माझे भागीदार माझ्याहून कडक आहेत. पिकअप जिवंत असेल तर ते पुन्हा गुंडाळत नाहीत. आवाज गेलेला असतानाही आधी वेटोळ्याच्या टोकाचा सोल्डर तपासतात, कारण केसाहून बारीक असलेली ती तार पुष्कळदा जोडाशीच तुटलेली असते आणि बाकीचे हजारो वेढे शाबूत असतात.

व्यवहाराच्या बाजूने आम्ही दोन नियम लवकर ठरवले. पहिला, वाद्य पूर्ण तपासून लेखी अहवाल दिल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगायचा नाही. दुसरा, जुन्या गिटारींची खरेदी-विक्री करायची नाही. वाद्याची अवस्था सांगणाऱ्याने त्याच्या किमतीतून नफा घेऊ नये असे आम्हा दोघांनाही वाटते. या दुसऱ्या नियमाने काही वर्षे हात आखडते राहिले, कारण एका गिटारीच्या पूर्ण दुरुस्तीला महिने लागतात आणि तोवर पैसे अडकलेले असतात. त्यातून सावरले ते नियमित निगेच्या कामाने. दुरुस्त होऊन गेलेली गिटार वर्षातून एकदा आणायची, आम्ही नटचे रोलर, स्प्रिंगा, सळ्यांच्या टोकांचे नायलॉनचे नट आणि व्हॉल्यूम पेडल तपासायचे, अशी पद्धत आम्ही सुरू केली. स्टील वादक सूर लांबवण्यासाठी व्हॉल्यूम पेडल सतत वरखाली करत असतो, त्यामुळे त्यातील पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणारा भाग) झिजून खरखरू लागतो. तो वेळेत बदलला तर कार्यक्रमात फजिती होत नाही. आज आमचे निम्म्याहून अधिक काम असे निगेचे आहे, आणि मोठी मोडतोड होऊन येणाऱ्या ओळखीच्या गिटारी जवळजवळ थांबल्या आहेत.

अलीकडे दिवंगत वादकांची मुले वडिलांची गिटार घेऊन येऊ लागली आहेत. अशा गिटारीच्या पेडलच्या सळ्यांची लांबी, पायांची उंची आणि गुडघ्यांच्या लिव्हरचे कोन त्या एका माणसाच्या देहाला बेतलेले असतात. आम्ही ती सारी मापे प्रथम लिहून घेतो, आणि मगच विचारतो की गिटार स्वतः वाजवायची आहे, दुसऱ्या कोणाला वाजवायला द्यायची आहे, की वडिलांनी ठेवली होती तशीच ठेवायची आहे. तिन्ही उत्तरांसाठी काम वेगळे होते आणि खर्चही. वाजवायची नसेल तर आम्ही गंज थांबवतो, चिकटा काढतो, नव्या तारा चढवतो आणि जुळणीला हात लावत नाही.

कपाटातील रेखाटने आम्ही आता स्वच्छ करून संगणकावर उतरवत आहोत. ज्या यंत्रणांचे काम पूर्ण झाले आहे त्यांची मापे मागणाऱ्या कोणत्याही दुरुस्ती कारागिराला आम्ही विनामूल्य देतो. शो-बडच्या जुन्या रचनांपासून सुरुवात केली आहे, कारण सुटा भाग हवा म्हणून सर्वाधिक विचारणा त्यांच्यासाठीच होते. त्यानंतर फेंडरच्या केबलच्या गिटारी घ्यायच्या आहेत.