खिद्रापूरला बसनं, गंगावेशीत पायी

सहलीच्या जाहिरातीत ठळक छापलेला दर माणशी असतो हे खरं, पण तो माणूस जोडीनं येणार असं धरूनच. खोली दोघांत, बसमध्ये सीट दोघांची, जेवणाच्या टेबलावरही जोड्या. एकटं माणूस आलं की त्यांचा हिशेब विसकटतो. फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, सिंगल रूम घेतलीत तर डिफरन्स भरावा लागेल." तो डिफरन्स ऐकून मी आधी कोल्हापूरच रद्द करायला निघाले होते. मग विचारलं, खोलीत जोडीदारीण मिळेल का? आणखी एखादी एकटी बाई बुक झाली की दोघींना नेहमीचाच दर लागतो. नाहीच झाली, तर फरक कुणी भरायचा? हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं. फोनवर सगळेच "बघू ना मॅडम" म्हणतात.

मला बारामतीच्या एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या. सगळी बस त्यांना बाईच म्हणायला लागली, म्हणून मीही. गुडघ्यांमुळे त्यांना टूर मॅनेजरच्या मागची पुढली सीट दिली होती, त्यामुळे माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि बघता बघता सार्वजनिक झाली. खंबाटकी घाट चढेपर्यंत तिथं फराळाचे डबे आले, कराडपर्यंत एक कंटाळलेला नातू, आणि त्याच्यामागून बायकोशी खिडकीवरून बिनसलेले एक काका. "मिस्टर नाही आले?" हा प्रश्न पहिल्या चहालाच येतो. "नाही आले," एवढंच सांगावं आणि चहा प्यावा. खुलासा करायला गेलं की पुढचे शंभर किलोमीटर त्यातच जातात.

पुणे ते कोल्हापूर जेमतेम २३० किलोमीटर. एकटीला यायला काहीच अवघड नाही, कल्याणहून मला तर थेट महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. मग ग्रुप कशाला? खिद्रापूरसाठी. कोपेश्वराचं देऊळ कोल्हापुरापासून साठेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं. स्वतःची गाडी नसली तर कुरुंदवाडपर्यंत एसटीनं जायचं आणि पुढचं गावच्या बसच्या मर्जीवर सोडायचं. एकटीनं अख्खी टॅक्सी करायची तर सहलीचा निम्मा दर तिथंच संपतो. गेली कित्येक वर्षं हे देऊळ माझ्या यादीत नुसतं पडून होतं.

अंबाबाईचं दर्शन मात्र ग्रुपनं घेण्यात काही अर्थ नाही. टूर मॅनेजर हातातली झेंडी उंचावून सांगतो, "दीड तासात इथंच भेटायचं," आणि सगळे मुखदर्शनाच्या रांगेत घुसतात, कारण ती लवकर सरकते. समोर येईपर्यंत मागून "चला चला" सुरू झालेलं असतं. किरणोत्सवाची माहिती गाइडनं देवळाबाहेर चप्पल स्टँडपाशी, रिक्षांच्या हॉर्नवरून ओरडून दिली: देऊळ पश्चिमाभिमुख, वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीला, मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग कमरेशी, मग मुखावर. निम्म्यांना ऐकूच गेलं नाही. बाकीच्या निम्म्यांचा हिशेब चालला होता की स्टँडवर चपला ठेवायला किती सुटे लागतात.

पन्हाळ्यावर ग्रुपचा उपयोग झाला, कारण तिथला गाइड चांगला निघाला. अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांपुढं उभं करून त्यानं आधी विचारलं, "वेढा चार महिने चालला, आत माणसं काय खात असतील?" आणि मग सिद्दी जौहर, १६६० सालचा पावसाळा, शिवा काशीद, बाजीप्रभू असं सगळं त्या धान्याच्या कोठारापासून सांगत नेलं. इतिहास सांगायची ही रीत मला आवडली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळाही आहे, हे त्यानं शेवटी सांगितलं, तेही मुलीच्या लग्नाची बातमी द्यावी तसं. सज्जा कोठीवर संभाजीराजांचं नाव निघालं तेव्हा मघाशी वेफर्स खाणारी पोरंही गप्प झाली. जोतिबाला पाऊण तास मिळाला. गुलालानं माखलेली पांढरी पँट बघून काकूंनी काकांना जे सुनावलं, त्यात देवाचं नाव कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिरोळच्या बाजूला निघालो. गळीत हंगाम जोरात. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यावर गाणी अशी लावलेली की बसच्या बंद काचा थरथरत होत्या. एका गुऱ्हाळावर ड्रायव्हरनं आपणहून बस थांबवली, कार्यक्रमपत्रिकेत नसताना. काहिलीतून उतरलेली गरम काकवी भाकरीच्या तुकड्यावर घेऊन उभ्यानं खाल्ली. टूर मॅनेजर घड्याळ बघत होता आणि त्याच्याही हातात तुकडा होता.

नरसोबाच्या वाडीत कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि बाहेर बासुंदी, कंदी पेढे, कवठाची बर्फी. पुराचं पाणी एका दारानं आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लोक मुद्दाम येतात. आम्ही हिवाळ्यात गेलेलो, पाणी पार खाली. ग्रुप बर्फीच्या दुकानात शिरला तो वेळेवर बाहेर येईना, आणि वाया चाललेला एकेक मिनिट खिद्रापूरच्या वाट्याचा आहे हे मला कळत होतं. ग्रुपमध्ये खरी किंमत मोजावी लागते ती ही. दर परवडतो, दुसऱ्याच्या खरेदीपायी आपला वेळ जातो तो परवडत नाही.

तरी चाळीस मिनिटं मिळाली. स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही. वर आकाशाचा गोल, बरोबर त्याखाली दगडाची गोल शिळा, आणि भोवती बारा खांब. मंडळी पहिल्यांदा त्या शिळेवर उभं राहून वर बघत फोटो काढतात. ते उरकेपर्यंत मी बाहेर जाऊन गजपट्ट पाहिला. देवळाच्या बुडाशी हत्तींची रांग आहे, जणू सगळं देऊळ त्यांनीच पाठीवर तोललंय. गाइड ब्याण्णव म्हणाला. बाई उजवीकडून मोजत निघाल्या, वेफर्सवाला नातू डावीकडून. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या, काहींचं नुसतं धड उरलेलं. तुटका हत्ती धरायचा की नाही यावरून दोघांचं वाजलं. एका हत्तीच्या पायातली साखळी मी बोटानं चाचपली. बसाल्टसारख्या कठीण दगडात एकेक कडी सुटी कोरली आहे, आणि पायाला जिथं ती काचते तिथं कातडीला वळी पडल्याचंही दाखवलंय. बारावं शतक, शिलाहारांचं राज्य. आत गाभाऱ्यात शिव आणि विष्णू दोघंही लिंगरूपात आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे, असं इथले लोक सांगतात. यादव राजा सिंघणाच्या शिलालेखापाशी मी पोचले तोवर बसचा हॉर्न वाजला.

गावात परतल्यावर कार्यक्रमपत्रिकेत "कोल्हापुरी खरेदी" होती, म्हणजे एकच ठरलेलं दुकान. दार लावल्यासारखी मंडळी आत आणि टूर मॅनेजर गल्ल्यापाशी चहा पीत. मला दाखवलेल्या जोडीत चक्क खिळे होते. अस्सल कोल्हापुरी कातड्याच्या वादीनं शिवतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मी काहीच न घेता बाहेर आले. जेवण तर त्याहून वरचढ. किचनला आधीच फोन गेलेला, "ग्रुप आहे, तिखट कमी". कोल्हापुरात बसून कमी तिखट तांबडा रस्सा खायचा, याला काय म्हणावं? काका म्हणाले, "टोमॅटो सूप चांगलंय."

बाईंनी रात्रीच सांगितलं होतं, पहाटे काकडआरतीला जायचंय. गजर झाला तेव्हा हॉटेलचा वॉचमनही पेंगत होता. महाद्वार रोडवर एकच फुलवाली, थोडे स्थानिक लोक, आणि रांग नाहीच. देवी काळ्या पाषाणाची, हातात म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. आदल्या दिवशी यातलं मला काही दिसलं नव्हतं. तिथून चालत गंगावेशीत. कट्ट्यापाशी म्हशी बांधलेल्या, आणि तुमच्यादेखत धार काढून ग्लास हातात. फेस ओठांना लागतो, खाली दूध अंगाइतकं कोमट. बाई आधी नको म्हणत होत्या, पोटाला बाधेल म्हणून. गवळी म्हणाला, "प्या की आजी, काय हुतंय!" त्यांनी दुसराही ग्लास घेतला.

शेवटच्या सकाळी बस पुण्याला निघाली तेव्हा मी कोल्हापुरातच उतरून राहिले. हे बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावं. पैसे परत मिळत नाहीत, शिवाय "स्वेच्छेने सहल सोडत आहे" असं लिहून सही द्यावी लागते. शाळेतून लवकर घरी सोडताना घ्यायचे तशी ती चिठ्ठी टूर मॅनेजरनं जपून खिशात घातली. सामान हॉटेलात ठेवून टाउन हॉलच्या संग्रहालयात गेले. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी! समुद्रमार्गे चाललेल्या व्यापाराचा माग थेट इथवर येतो. मग शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान. वरच्या पायऱ्यांवरून हौदा पार खाली दिसतो, म्हणजे कुठंही बसलं तरी कुस्ती नजरेआड होत नाही. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला हवं तेवढं बसू दिलं.

रात्री खानावळीत गर्दी होती, एकटीला वेगळं टेबल कोण देणार? एका कुटुंबाच्या टेबलावर बसवलं. तांबड्यानं कानशिलं तापली तेव्हा समोरच्या वहिनींनी पांढऱ्याची वाटी माझ्याकडं सरकवली. "आलटून पालटून घ्या, म्हणजे झेपतंय. आणि मागा की अजून, रश्श्याला पैसे लावत नाहीत." मी आणखी दोन वाट्या मागवल्या आणि रिक्षा करून स्टेशन गाठलं.