शिरुईच्या उतारावर, गवतात पालथं पडून

शिरुई लिली उभ्यानं पाहायचं फूल नव्हे. ते मान खाली घालून असतं, वरून नुसती फिकट गुलाबी घंटा दिसते. २०१९च्या मे महिन्यात मणिपूरमधल्या उख्रुलहून शिरुई गावात आणि तिथून शिखराकडे चढले, तेव्हा धुक्यात पहिलं फूल मला दिसलंच नाही. वाटाड्यानं दंड धरून थांबवलं. आणखी एक पाऊल, आणि ते माझ्या बुटाखाली आलं असतं.

मग ओल्या गवतात सरळ पालथी पडले, भिंग काढलं. सहा पाकळ्या: तीन बाहेरच्या, तीन आतल्या. बाहेरून जांभळट गुलाबी छटा, आत जवळजवळ पांढऱ्या. भिंगाखाली सात रंग दिसतात असं तिथे सगळे सांगतात. मला तीन दिसले, आणि तेवढ्यासाठीही मी पुन्हा तो डोंगर चढेन. सहाही पुंकेसर कोरडेठाक होते! सकाळपासून भुरभुर चालू होती, पण घंटा उलटी असल्यामुळे पराग भिजत नाहीत.

जमिनीत कंद असतो, पण कांद्यासारखा पापुद्र्यात गुंडाळलेला नाही. उघडे, मांसल खवले एकमेकांना चिकटलेले. म्हणूनच तो उपटला की लवकर सुकतो, आणि म्हणूनच हौसेनं कंद नेणाऱ्यांचा मला इतका राग येतो. बी रुजून फूल यायला काही वर्षं लागतात, उपटायला क्षण पुरतो.

१९४६मध्ये ब्रिटिश वनस्पतिशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी ती शोधली असं पुस्तकं म्हणतात. शास्त्रीय नाव लिलियम मॅक्लिनिए, त्यांच्या पत्नी जीन मॅक्लिन यांच्यावरून. इथे राहणाऱ्या तांगखुल नागा लोकांकडे मात्र तिला आधीपासून नाव आहे: काशोंग तिमरावोन. मी हेच नाव वापरते.

ती दुसरीकडे जगतच नाही, ही समजूत खरी नाही. स्कॉटलंडच्या थंड, ओल्या बागांत ती फुलते. पण तिचं रानातलं घर म्हणजे हेच डोंगर, तेही उघड्या गवताळ उतारांवर. तिथे आता बुटका बांबू पसरतोय. परतताना वाटाड्यानं एक हिरवागार पट्टा दाखवला. तो लहान असताना तिथे लिली असायची. मी बराच वेळ वाकून शोधत राहिले. बांबूच्या मुळाशी गवतही उरलं नव्हतं.