ऊन लागलं असेल

मे महिन्यात नागपुरात ‘आमचं कुत्रं फार पाणी पिऊन राहिलं’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर त्याला वेड्यात काढायचा मोह होतो. पारा ४५ च्या वर, नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागलेला, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून चाललेला. अशा दिवसांत पाणी पिणं हे लक्षण कसलं?

त्या महिन्यातली आमची ओपीडी ठरलेली असते. गोचीड ताप, ऊन लागलेले पग आणि सेंट बर्नार्ड (नागपुरात सेंट बर्नार्ड का पाळता, हे विचारणं मी सोडून दिलं आहे), आणि जेमतेम महिन्याची असताना विकली गेलेली, पार्व्हो या विषाणूनं रक्ताची संडास करणारी पिल्लं. दुपारी एक ते पाच शटर अर्धं ओढून ठेवतो. त्या वेळात कुत्र्याला स्कूटरवर घालून आणणं हाच एक आजार आहे.

ज्युली आली ती संध्याकाळी, ऑटोतून. साडेसात वर्षांची लॅब्रेडॉर, पिल्लं कधी झालेली नाहीत, नसबंदीही नाही. सोबत महावितरणमधून निवृत्त झालेले काका आणि काकू. मुलगी पुण्यात, ती व्हिडिओ कॉलवर. ज्युली चार पावलं चालून फरशीवर बसली आणि तिनं मान टाकली.

‘मॅडम, चार दिवसांपासून खाऊन काहीच नाही राहिली. फक्त पाणी पिऊन राहिली. प्यायली की उलटी.’

मी जुने कागद मागितले. निघालं काय, तर एक लसीकरणाचं कार्ड आणि मेडिकलच्या दोन पावत्या. कार्डावर तारखा होत्या, कुणाची तरी गिरगटलेली सही होती, पण एकाही तारखेपुढे स्टिकर नव्हतं. लसीच्या बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत छापलेलं लेबल असतं. ते सोलून कार्डावर चिकटवायचं असतं. दोन सेकंदांचं काम. ते नसेल, तर कुत्र्याला नक्की काय टोचलं, मुदतीतलं होतं का, आणि २ ते ८ अंशांत ठेवलेलं होतं की कुणाच्या डिकीतून भर उन्हात आलेलं होतं, यातलं काहीच कळायला मार्ग राहत नाही. गळ्यातल्या पट्ट्याची किंमत घासाघीस करून ठरवणारी माणसं या कोऱ्या रकान्याकडे मात्र बघतसुद्धा नाहीत. आणि टोचणाऱ्यांना ते सोयीचंच असतं.

मार्चमधल्या एका तारखेपुढे नुसतं ‘इंजे. १’ असं लिहिलेलं होतं.

आधी कुणाला दाखवलं, हे विचारलं. काकांनी ज्यांचं नाव घेतलं, ते माझे सीनियर. इंटर्नशिपमध्ये त्यांच्यासोबत मी गावोगाव फिरले आहे. अडलेली म्हैस सोडवावी तर सरांनीच. खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून ते वासराचा मुडपलेला पाय नुसत्या बोटांनी सरळ करत, आणि आम्ही पोरं टॉर्च धरून उभी. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चं. तिथून आम्ही सगळे एकच पदवी घेऊन बाहेर पडतो: कोंबडीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांचे डॉक्टर. लोकांना हे माहीतच नसतं. माणसांच्या बाबतीत गुडघ्याला कोण आणि डोळ्याला कोण हे पाठ असतं, पण आमच्याकडे येताना ‘कुत्र्याचा डॉक्टर’ एवढंच. तुम्ही रोज कुत्री बघता का, सोनोग्राफी स्वतः करता का, रात्री फोन उचलता का, हे कुणी विचारत नाही. पुण्यातल्या मुलीनं गूगलवरचे तारे मोजून दवाखाना निवडला होता. ते तारे निम्मे तर ग्रूमिंगसाठी दिलेले असतात.

सरांनी तिला दोनदा बघितलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उन्हाचा त्रास. कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन, घरी ताक द्या, कूलरसमोर ठेवा. थर्मामीटर लावला होता का, असं विचारलं तर काका काकूंकडे बघू लागले. वजन केलं नव्हतं. कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी ताप बघितला. १०२.४. कुत्र्यासाठी हे जवळपास नॉर्मल. ऊन लागलेलं कुत्रं १०५-१०६ घेऊन येतं, जीभ विटकरी लाल, धाप थांबत नाही. ज्युलीच्या हिरड्या मळकट होत्या आणि श्वास शांत. मग मी काकूंना विचारलं, ‘लघवी किती करते?’

‘अवो, तेच तं! रात्री तीन-तीनदा उठवते. दोनदा घरातच झाली, कधी नाही करत असं. पाण्यासारखी, वासही नाही.’

इथे माझं लक्ष एकदम जागं झालं. उन्हानं तहानलेलं कुत्रं लघवी कमी करतं, पिवळीजर्द करतं, कारण शरीर पाणी धरून ठेवतं. हे उलटं होतं. लघवी आधी सुटत होती आणि ती भरून काढायला बिचारी पाणी पीत होती. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं एक साधं उपकरण माझ्याकडे आहे, हातात मावणारं. काचेवर लघवीचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. वीज लागत नाही, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. चार दिवस उलट्या करून सुकलेल्या कुत्रीच्या लघवीच्या घनतेचा आकडा १.०३० च्या वर असायला हवा. रेघ १.००८ वर होती. म्हणजे मूत्रपिंडं पाणी आवरायचं विसरली होती.

‘माजावर कधी आली होती?’

काकूंनी आवाज खाली आणला. ‘होळीच्या टाइमाले. तेव्हा फाटकावरून एक गावठी आत आला न् बाप्पा... मंग पिल्लं नको म्हणून इंजेक्शन दिलं होतं ना.’

‘कुणी?’

पेट शॉपवाल्यानं एक ‘डॉक्टर’ घरी पाठवला होता. पाचशे रुपये घेतले, इंजेक्शन दिलं, रिकामी बाटली खिशात टाकून घेऊन गेला. तेच ते ‘इंजे. १’.

पुढचं अर्ध्या तासात उलगडलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशयाच्या मागे काळ्या पोकळ्यांच्या रांगाच रांगा. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. माजानंतरच्या आठ-दहा आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात बहुधा आतड्यातलेच जंतू शिरतात, आणि मुख बंद असलं तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. त्या जंतूंचं विष मूत्रपिंडाचं पाणी धरण्याचं काम बिघडवतं. सगळी तहान तिथून आलेली. नको असलेला गर्भ टाळायला जी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं ठोकली जातात, त्यानं हा धोका वाढतो हे आमच्या पुस्तकांत केव्हाचं आहे. पण ज्युलीला तेच दिलं होतं, असं मी म्हणू शकत नाही. बाटली खिशातून गेली.

पांढऱ्या पेशी ५२ हजार. १७ हजारांच्या वर गेल्या तरी आम्ही भुवया उंचावतो. मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ३.१, म्हणजे नॉर्मलच्या दुप्पट.

खर्च सांगितला तेव्हा मुलगी फोनवरून म्हणाली, ‘माणसांपेक्षा महाग आहे हे.’ मला आता याचा राग येत नाही, पण उत्तर द्यावंसं वाटतं. माणसांना विमा असतो, सरकारी दवाखाना असतो. आमच्याकडे भूल देणारी, कापणारी, शिवणारी आणि रात्रभर सलाईन मोजणारी बाई एकच असते. कुत्र्याच्या वाढदिवसाला तीन हजारांचा केक मागवतात आणि सहाशेची रक्ततपासणी म्हटली की ‘एखादं इंजेक्शनच मारून द्या ना’. काका मात्र एक शब्द न बोलता खाली एटीएमला गेले.

दोन-तीन तास सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन, रक्तदाब जरा जागेवर आणून, रात्री दहानंतर तिला टेबलावर घेतलं. बाहेर भिंती अजून तापलेल्या आणि आत आम्ही ज्युलीच्या दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून बसलो होतो. भुलेत कुत्र्याचं अंग झपाट्यानं गार पडतं. नागपुरात मे महिन्यात गीझर लावणारं आमच्या गल्लीतलं एकमेव दुकान माझं असेल.

जाड्या लॅब्रेडॉरची उजवी ओव्हरी ज्यानं बांधली आहे त्यालाच ते दुखणं ठाऊक. डावी सहज वर येते. उजवी बरगड्यांखाली, मूत्रपिंडाला चिकटून, बोटभर चरबीत बुडालेली. एरवी ओढून आणता येते. पायोमेट्रात ओढायची सोय नाही, कारण पुवानं फुगलेलं गर्भाशय ओल्या पापडासारखं होतं, जोर लागला की फाटतं आणि सगळं पोटात सांडतं. म्हणून जखम लांब घ्यायची, ओल्या टॉवेलवर गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या, म्हणजे शिंगं, हळूहळू बाहेर मांडायची, एकाही ठिकाणी चिमटा लावायचा नाही. एकेक शिंग माझ्या मनगटाएवढं होतं. उजव्या बाजूची रक्तवाहिनी दिसली नाही, नुसती बोटाला लागली. तिच्याखालून चिमटा नेला, दोन गाठी मारल्या, सोडून बघितलं. कोरडं. माझा कंपाउंडर, जो ऑपरेशनमध्ये कधी बोलत नाही, तो म्हणाला, ‘बसली.’

काढलेलं गर्भाशय वजनकाट्यावर ठेवलं तर अडीच किलोच्या वर भरलं. ट्रेमध्ये घालून काकांना दाखवलं. मी नेहमी दाखवते. पैसे कशाचे दिले, ते माणसाला दिसलं पाहिजे.

ज्युली वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं दहीभात खाल्ला. क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्ण नाही, २.० वर येऊन अडलं. म्हणजे आता कमी फॉस्फरसचं जेवण आणि महिन्या-महिन्याला तपासणी. चार दिवस आधी कळलं असतं, तर ती मूत्रपिंडं वाचली असती का? माझ्या मते बरीचशी वाचली असती. शपथेवर सांगता येणार नाही.

आणि नेमकं तेच काकांना हवं होतं. टाके काढायला आले तेव्हा त्यांनी ज्युलीला खाली बसवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फक्त एक लिहून द्या, का आधीची ट्रीटमेंट चुकीची होती. बाकी मी पाहतो. व्हेटर्नरी काउन्सिलचं ऑफिस इथंच तं आहे आपल्या नागपुरात.’

मी लिहून दिलं. तापमान, वजन, लघवीची घनता, सोनोग्राफी, पेशी, गर्भाशयाचं वजन, सगळं वेळेसकट. आणि शेवटी: ‘पूर्वीच्या उपचारांचा लेखी तपशील उपलब्ध नाही.’ काकांनी ते दोनदा वाचलं.

‘म्हणजे तुम्ही सगळे एकच.’

मी गप्प राहिले. जे मी बघितलं नाही, ते माझ्या सहीनं लिहू कसं? पण हेही खरं की त्या वाक्यानं सरांना वाचवलं, आणि लिहिताना ते मला कळत होतं. जो डॉक्टर काहीच लिहीत नाही, त्याला कोरा कागदच सांभाळतो, आणि जो सगळं लिहून ठेवतो, तो उद्या स्वतःच्याच अक्षरात अडकतो. ही व्यवस्था कुणी मुद्दाम केलेली नाही, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना ती मानवते.

सरांना मी फोन केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘अगं, दिवसाला पंधरा कुत्री उन्हाचीच येतात. सोळावं वेगळं आहे हे कसं ओळखू?’ थर्मामीटरनं, सर, असं माझ्या जिभेवर आलं होतं. ‘हो ना सर,’ एवढंच मी म्हणाले.

गेल्या आठवड्यात काका तक्रार अर्जाची प्रत दाखवायला आले. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला प्रॅक्टिस करताच येत नाही, पदविकाधारकालाही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारांपुरतीच मुभा. हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि विचारलं, मार्चमध्ये इंजेक्शन देणाऱ्याचं नाव यात कुठे आहे? खरा दोषी तर तो.

‘त्याचं नाव कोणाले माहीत आहे, मॅडम? पेट शॉपवाला म्हणते, मी कोणाले पाठवलंच नाही. नंबर बंद आहे. नाव-पत्ता असलेला एकच माणूस आहे.’

तर तक्रार सरांवर झाली आहे. ज्यांची पाटी आहे, नोंदणी क्रमांक आहे, त्यांच्यावर. सोबत माझ्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे, त्यातल्या ‘उपलब्ध नाही’खाली काकांनी लाल पेननं रेघ मारली आहे. परिषदेनं बोलावलं तर मी जाईन आणि ज्युलीच्या लघवीचा आकडा सांगेन. तो थेंब घ्यायला दोन मिनिटं लागतात का, असं कुणी विचारलं, तर हो म्हणेन, सर समोर बसलेले असले तरी.

काका ज्युलीची पुढची तपासणी माझ्याकडेच करणार आहेत. जाताना म्हणाले, ‘विश्वास वगैरे नाही, मॅडम. तुम्ही लिहून देता, एवढंच.’